बाहुकाची विद्या

विदर्भातल्या काटोलच्या काळ्या मातीला वर्षाकाठी तीन स्वभाव असतात आणि त्यांतले दोन तरी मोटारसायकलला मानवणारे नाहीत. मृगाच्या सरींनंतर ती चाकाला अशी बिलगते की टायरच्या दातांमधल्या फटी बुजून जातात आणि इंजिनाची सारी शक्ती जागच्या जागी फिरत राहते. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की पुढचे चाक एखादीत रुतले तर स्वार हँडलावरून पुढे जातो आणि गाडी मागे राहते. मग आंबिया बहाराची संत्री तोडून गाड्या भरून जाऊ लागल्या की, मार्गशीर्षाच्या आगेमागे, ओल खाली उतरलेली असते पण पुरती गेलेली नसते, तेव्हा थोडे आठवडे ही माती चाकाला धरतेही आणि सोडतेही. मोटोक्रॉस हा यंत्राचा खेळ आहे असे लांबून पाहणाऱ्याला वाटते; जवळ गेल्यावर कळते की तो आधी मातीचा आहे. १९२४ साली इंग्लंडातल्या कॅम्बर्लीच्या माळरानावर या खेळाची पहिली ज्ञात शर्यत झाली, तेव्हा त्या काळच्या चाचण्यांमध्ये कौशल्याचे गुण मोजण्यासाठी जे टप्पे असत ते संयोजकांनी वगळले होते आणि केवळ वेग शिल्लक ठेवला होता. परीक्षक गेले, पण परीक्षा राहिली. ती मातीने आपल्याकडे घेतली, आणि तेव्हापासून शंभर वर्षे ती कोणाचीही भीड न बाळगता गुण देत आली आहे.

मी या खेळाकडे वळलो तेव्हा पन्नाशी दृष्टिपथात आली होती, म्हणजे ज्या वयात माणूस नवे काही शिकण्यापेक्षा शिकलेले नीट लावून ठेवण्याच्या मागे असतो त्या वयात. गावाबाहेर एका वावराच्या धुऱ्याला लागून बरड पडलेला तुकडा आहे. तिथे काही तरुणांनी ट्रॅक्टरने माती ओढून उंचवटे रचले आहेत, वळणांना मातीचे काठ चढवले आहेत. पांदणीने जाताना मी ते कितीदा तरी पाहिले होते आणि पाहून पुढे गेलो होतो. एके दिवशी पुढे गेलो नाही, इतकेच. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. ज्या गोष्टींची कारणे चटकन सांगता येतात त्या आपण बहुधा इतरांसाठी केलेल्या असतात.

आपल्याकडे मोटारसायकल हे बसण्याचे वाहन आहे. राजदूतच्या काळापासून तिच्यावर दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, संत्र्याचे क्रेट, लेकरू आणि लेकराची आई अशी सगळी गृहस्थी बसत आली. मोटोक्रॉसमध्ये मात्र बैठक जवळजवळ अलंकारासारखी असते. स्वार पायदानांवर उभा राहतो, गुडघे किंचित वाकलेले, कोपरे उंचावलेली, गाडी दोन्ही गुडघ्यांत धरलेली, आणि खालचे शंभरेक किलोचे यंत्र उसळत असताना वरचे शरीर शक्य तितके स्थिर. गाडीच्या सस्पेन्शनला सुमारे तीनशे मिलिमीटरची हालचाल असते. तिच्यातली जवळपास एक तृतीयांश स्वाराच्या केवळ उभे राहण्याने दबली पाहिजे, असा संकेत आहे, आणि म्हणून गाडी बांधून देणारा कारागीर पहिला प्रश्न वजनाचा विचारतो. वजनाबद्दल इतक्या निर्विकारपणे मला यापूर्वी कोणी विचारले नव्हते. डॉक्टरांच्या प्रश्नात दोषारोप असतो, घरच्यांच्या प्रश्नात चेष्टा. याला फक्त स्प्रिंग निवडायची होती. देहाकडे असे तिऱ्हाईताच्या नजरेने, रागलोभाशिवाय, एक परिमाण म्हणून पाहता येणे ही या वयातली केवढी मोठी सुटका आहे!

उंचवट्यावरून गाडी सुटते आणि क्षणभर भूमीशी असलेला सारा व्यवहार थांबतो, तेव्हा मला वाटायचे की आता हातात काही उरले नाही, जे व्हायचे ते होईल. तसे नसते. हवेत असताना ॲक्सिलरेटर पिळला की मागचे चाक अधिक वेगाने फिरू लागते आणि त्याच्या उलट प्रतिक्रियेने गाडीचे नाक वर येते; मागचा ब्रेक दाबला की ते खाली झुकते. जमिनीवर पुढे नेणारी आणि थांबवणारी जी साधने, तीच अंतराळात केवळ उतरण्याचा कोन ठरवतात. हे भौतिकशास्त्र मी शाळेत घोकले होते, कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेच्या नावाने. ते मनगटात उतरायला तीस-पस्तीस वर्षे लागली. ज्ञान आणि विद्या यांतले अंतर बहुधा एवढेच असेल, मेंदूपासून मनगटापर्यंतचे, पण ते पार करायला काहींना अख्खे आयुष्यही पुरत नाही.

शिकवणारा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा आहे. त्याच्या अध्यापनात अलंकार नाहीत. ‘काका, खाली कायले पाह्यता? चाक कुठं चाल्लं ते चाकाले मालूम हाये. तुम्ही समोर पाहा न.’ त्याने हे पहिल्यांदा म्हटले तेव्हा मी हसलो, आणि नंतर पुष्कळ दिवस हसलो नाही. ज्याच्या हाताखाली माणसे काम करतात, ज्याच्याकडे लग्नकार्यात सल्ला मागायला येतात, अशा वयाच्या माणसाला दुसऱ्याने ‘समोर पाहा’ म्हणून सांगावे आणि त्याने ते मुकाट्याने ऐकावे, यात एक विलक्षण ताजेपणा आहे. विद्यार्थी होण्यासाठी काहीतरी न येणे पुरेसे नसते. ते न येणे दुसऱ्यासमोर उघडे पडू द्यावे लागते, आणि प्रौढपण म्हणजे तर ते झाकण्याची दीर्घ साधना.

आपल्या परंपरेने वाढत्या वयाला ज्या भूमिका नेमून दिल्या आहेत त्यांचा विचार अलीकडे माझ्या मनात पुन्हापुन्हा येतो. कालिदासाच्या रघुवंशात दशरथाच्या कानाजवळचा केस पिकतो, आणि कवी असे कल्पितो की जराच त्या पांढऱ्या केसाच्या मिषाने कानाशी आली आहे व रामाला राज्य दे असे हळूच सांगते आहे. ही हस्तांतराची भूमिका. ययाती नेमका उलट टोकाला: तो मुलाकडे त्याचे तारुण्य मागतो, ते भोगतो, आणि सहस्र वर्षांनंतर कामना भोगाने शमत नाहीत एवढे जाणून ते परत करतो. ही उसनवारीची भूमिका. आणि दूर ग्रीकांकडे, इलियडच्या तेविसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनिमित्त रथांची शर्यत लागते तेव्हा वृद्ध नेस्टर मुलाला दीर्घ उपदेश करतो, घोडे मंद असले तरी युक्तीने कसे जिंकावे, वळणाच्या खांबाला किती घसटून जावे; आणि शर्यत आटोपल्यावर उरलेले पाचवे पारितोषिक, एक दोन कानांचे पात्र, अकिलीस त्याला देतो, कारण तू आता कधी धावणार नाहीस. नेस्टर ते आनंदाने घेतो आणि आपल्या तरुणपणीच्या शर्यतींच्या गोष्टी सांगू लागतो. मला ते पात्र नेहमी भयंकर वाटत आले आहे. इतक्या प्रेमाने दिलेले आणि इतके निर्णायक.

द्यावे, मागावे किंवा सांगावे: एवढ्या तीनच वाटा असतील तर मातीच्या उंचवट्यावरून गाडी उडवू पाहणाऱ्या पोक्त माणसाला कुठे बसवायचे? मला त्याचा पूर्वज सापडला तो महाभारतातल्या नलोपाख्यानात, आणि योगायोग असा की त्याचा रथ आमच्याच प्रदेशाकडे धावत होता.

ही कथा आपल्याला विरहाची म्हणून माहीत असते. ती एका शर्यतीचीही आहे. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल कर्कोटक नागाच्या दंशाने विरूप होऊन, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. विदर्भातून निरोप येतो की दमयंतीचे पुन्हा स्वयंवर आहे, उद्याच, आणि अयोध्येपासून विदर्भाची राजधानी शंभर योजने दूर. बाहुक घोडे निवडतो ते कृश. राजाला शंका येते की हे मरतुकडे प्राणी एवढे अंतर काय कापणार. पण बाहुक त्यांच्या अंगावरचे भोवरे पाहून सांगतो की जातील ते हेच. रथ असा निघतो की मागे बसलेला वार्ष्णेय, जो कधीकाळी नलाचाच सारथी होता, विचारात पडतो: हा हात तर नलाचा, मग हे शरीर कोणाचे? वाटेत राजाचे उत्तरीय उडून पडते, तो थांबायला सांगतो, आणि बाहुक म्हणतो की ते एक योजन मागे राहिले, आता ते मिळायचे नाही. मध्यमवयाचे याहून नेमके चित्र मी वाचलेले नाही. विद्या शाबूत आहे, देह ओळखीचा राहिलेला नाही, आणि जे अंगावरून उडाले ते विचारेपर्यंत योजनभर मागे पडले आहे.

पण मला मोह पडतो तो पुढच्या प्रसंगाचा. ऋतुपर्ण, आपल्यालाही काही येते हे दाखवण्यासाठी असेल, वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची आणि फळांची संख्या क्षणात सांगतो. आणि बाहुक रथ थांबवतो. उद्याचे स्वयंवर, मावळतीकडे झुकलेला सूर्य, राजाची विनवणी, यांपैकी कशालाही न जुमानता तो खाली उतरतो आणि मोजून पाहतो. संख्या बरोबर निघते. मग तो ती विद्या मागतो, बदल्यात अश्वविद्या देऊ करतो; ऋतुपर्ण अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, तिथल्या तिथे देतो आणि घोड्यांची विद्या तूर्त तुझ्याकडेच ठेव म्हणून सांगतो. ती विद्या अंगी येताच नलाच्या देहात दडून बसलेला कली बाहेर पडतो. रूप अजून परत आलेले नाही, ते पुढे यायचे आहे. मुक्तीचा आरंभ मात्र झाला आहे, तो ऐन शर्यतीत, भर रस्त्यात, एका नव्या गोष्टीचे कुतूहल न आवरल्यामुळे. त्याने राज्य कोणाला दिले नाही, तारुण्य मागितले नाही, उपदेश केला नाही. जे येत नव्हते ते शिकून घेतले, आणि तेही त्याच विषयातले ज्यात तो एकदा सर्वस्व हरला होता.

झाडाकडे पाहून फळे सांगणाऱ्या ऋतुपर्णाची कथा काटोलमध्ये कोणाला अद्भुत वाटू नये. बहार उभा असताना बागा घ्यायला येणारे व्यापारी झाडांच्या ओळीतून नुसते चालत जातात आणि किती माल निघेल ते बोलून दाखवतात; त्यांचा अंदाज चुकला तर त्यांचेच दिवाळे निघायचे, म्हणून तो सहसा चुकत नाही. चालता चालता मोजणारी ही नजर मला ट्रॅकवर हवी आहे. शर्यतीपूर्वी स्वार ट्रॅक पायी फिरून बघतात. कुठे माती पोकळ आहे, कुठल्या वळणावर आतल्या बाजूला चाकोरी खोल होत जाईल, उडीनंतरचा उतार कुठून सुरू होतो, हे सारे पायांनी वाचून ठेवायचे आणि मग वेगात असताना आठवायचे नाही, कारण आठवायला वेळ नसतो. ते तोवर डोळ्यांतच असले पाहिजे. त्या पायी फेरीत तरुण मुले बोलत, हसत पुढे जातात. मी मागे राहतो. इथे मात्र माझे मागे राहणे कामाचे असते.

शर्यतीचे वेड या मातीला नवे नाही. विदर्भात शंकरपट पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहेत. बैलजोडी, मागे हलकीशी गाडी, आणि तिच्यावर तोल सांभाळणारा धुरकरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती थांबवल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्या सशर्त पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२३ साली घटनापीठाने त्यांना संमती देणारे कायदे ग्राह्य धरले. मधल्या त्या वर्षांत आमच्याकडची कितीतरी म्हातारी माणसे हिवाळ्यात विनाकारण चिडचिडी झाली होती, असे माझे निरीक्षण आहे. पुरावा काही नाही. बैलांच्या यातनांचा प्रश्न खोटा नव्हता आणि त्यावर मला सोपे उत्तर सुचत नाही. यंत्रावर बसणाऱ्याला निदान एवढा दिलासा असतो की चाबूक उगारायचा तो स्वतःच्याच पाठीवर.

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात स्त्रियाही धुरकरी म्हणून उतरतात. वार्ताहरांना त्याची अपूर्वाई वाटते, पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या एकशे दोनाव्या सूक्तात मुद्गलाची स्त्री मुद्गलानी रथ हाकते आणि गाई जिंकून आणते. सूक्त इतके गूढ आहे की त्याच्या अर्थावर पंडितांचे आजही एकमत नाही. तरी एवढे दिसते की रथाला एका बाजूने बैल जुंपला आहे आणि दुसऱ्या बाजूने चक्क लाकडाचा ओंडका. जोडीला जोड मिळाली नाही तर लाकूड जुंपावे, पण शर्यत चुकवू नये! माझ्या उजव्या गुडघ्याच्या संदर्भात मला हे सूक्त फार जवळचे वाटते. त्याच वैदिक जगात वाजपेय यज्ञात सतरा रथांची शर्यत लावत, आणि तिच्यात यजमान जिंकणार हे विधीनेच ठरलेले असे. निकाल ठाऊक असूनही घोडे खरे जुंपायचे, धूळ खरी उडवायची. पूर्वी मला हा प्रकार हास्यास्पद वाटे. आता ज्या शर्यतीची मी तयारी करतो आहे तिचा निकालही जवळजवळ ठरलेलाच आहे, फक्त उलट्या दिशेने, आणि तरीही मी ब्रेकच्या पट्ट्या बदलतो आहे, तेव्हा त्या यजमानाचे काहीसे कळू लागले आहे.

भीतीविषयी बोलले पाहिजे. तरुणांना भीती नसते असे आपण म्हणतो ते खरे नाही. त्यांना किंमत ठाऊक नसते. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कॉलिझियममध्ये पहिली मोठी स्टेडियममधली शर्यत झाली, ती जिंकणारा मार्टी ट्राइप्स सोळा वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी हाडे जुळतात आणि जुळल्याचे आठवतही नाही. माझ्या वयाला तोडलेल्या फळासारखा हिशेब असतो: जे पडेल ते पुन्हा देठाला लागणार नाही. बेंगळुरूच्या सी. एस. संतोषने मोटोक्रॉसच्याच मातीतून वर येऊन २०१५ साली डकार रॅली पूर्ण केली, असे करणारा तो पहिला भारतीय; आणि सहा वर्षांनी त्याच रॅलीत सौदी अरेबियाच्या वाळवंटात तो असा पडला की डॉक्टरांनी त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवले होते. त्यातून तो सावरला. हे दोन्ही एकाच माणसाचे आहे, एकाच विद्येचे, हे मी विसरू शकत नाही, आणि हेल्मेटचा पट्टा आवळताना विसरू इच्छितही नाही. विशीतले धाडस अज्ञानाच्या भांडवलावर चालते. नंतरच्या धाडसाला रोकडा पैसा मोजावा लागतो, आणि म्हणून ते थोडे असते, मोजून खर्च केलेले असते.

शिवाय देहच आता वेगळ्या लयीत बोलतो. चटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी झिजतात, सावकाश काम करणारे टिकतात. म्हणजे निसर्गाने माझ्याकडून उसळी काढून घेतली आहे आणि चिकाटी ठेवली आहे. काही फेऱ्यांतच पुढच्या हाताचे स्नायू त्यांच्या आवरणात फुगून दगडासारखे होतात, बोटे क्लच ओढेनाशी होतात. याला सगळे स्वार ‘आर्म पंप’ म्हणतात, आणि त्यावर सगळ्यांचा उपाय एकच: घट्ट धरू नका. गाडी गुडघ्यांनी धरा, हातांनी फक्त सुचवा. ऐकायला सोपे आहे. घट्ट धरण्यावरच ज्याने घर, नोकरी, नाव उभे केले, त्याने ऐन संकटाच्या क्षणी मूठ सैल करायची म्हणजे स्वभावाच्या मुळाशी हात घालणे आहे.

आमच्याकडे संत्र्याला बहार धरायचा तर आधी ताण देतात. आंबिया बहारासाठी मार्गशीर्ष-पौषात महिना-दीड महिना झाडाचे पाणी तोडायचे. पाने मलूल होतात, काही गळतात, परक्याला वाटावे बाग गेली. मग ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यायचे, आणि पुढे काही दिवसांत बागेत असा सुगंध उसळतो की रात्री रस्त्याने जाणाऱ्याची पावले रेंगाळतात. ताण कमी पडला तर झाड नुसती पालवी फेकते. जास्त झाला तर झाडच बसते. किती द्यायचा हे जमिनीवर ठरते, भारी जमिनीत अधिक, हलकीत कमी, आणि झाडाच्या वयावरही. तयारीची सारी मेख मला या एका हिशेबात दिसते. सकाळचे धावणे, दोरीच्या उड्या, गाडीवरचे तास, हे सगळे विशीतला मुलगा रोज करू शकतो; मला मध्ये दिवस सोडावे लागतात, आणि त्या सोडलेल्या दिवसांतच देह आपले काम करत असतो. जुन्या बागेतली सल काढावी लागते, वाळलेल्या फांद्या छाटून टाकाव्या लागतात, नाहीतर रोग तिथूनच जिवंत लाकडात उतरतो. माझ्यातली सल कोणती हे मी इथे लिहिणार नाही. रात्रीची जेवणे त्यात आहेत, आणि काही मैत्र्याही.

या गावावर २०१२ सालच्या मे महिन्यात, बावीस तारखेला, भर दुपारी आकाशातून दगड पडले होते. मोठा आवाज झाला, लोक घराबाहेर आले, आणि नंतर शेतांतून, छपरांवरून तुकडे गोळा झाले. ‘काटोल’ हे नाव तेव्हापासून जगाच्या उल्कांच्या सूचीत आहे. पुढे खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात ब्रिजमनाइट हे खनिज आढळले. पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरहून खोल, खालच्या प्रावरणात ते विपुल आहे, पण तिथवर कोणाचा हात पोचत नाही. उल्केत ते झाले कसे? अवकाशात कधीतरी दोन पाषाणपिंडांची टक्कर झाली, आपल्या वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब क्षणमात्र निर्माण झाला, आणि आघाताने वितळलेल्या दगडातून ते घडले. पृथ्वीला जे करायला अथांग खोली लागते ते आघाताने निमिषात केले. मी यातून काही धडा काढत नाही. दगड दगड आहे. पण उडीनंतर गाडी जमिनीला टेकते तेव्हा तळपायांतून मणक्यात चढत जाणारा तो एक क्षण अनुभवताना मला कधीकधी वाटते की काळाचे दोनच प्रकार आपल्याला घडवतात, अतिशय सावकाश जाणारा आणि अतिशय वेगाने जाणारा. मधला जो आपण कॅलेंडरवर मोजतो, तो बराचसा नुसता जातो.

शर्यतीत मला कोणाची संगत असेल? २०२४ च्या जानेवारीत पुण्यात भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तिथल्या परदेशी आणि देशी स्वारांच्या उड्या पाहून माझ्यासारख्याने घरी बसावे हे बरे. पण पुण्याचेच संजय टकले पन्नाशी ओलांडल्यावर २०२५ साली डकार क्लासिकमध्ये सौदीच्या वाळूत मोटार घेऊन उतरले, आणि कॅलिफोर्नियात ग्लेन हेलनच्या डोंगरउतारावर दरवर्षी प्रौढांची मोटोक्रॉस स्पर्धा भरते, तिथे तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी असे गट असतात, आणि साठीच्या गटातही सुरुवातीच्या फाटकावर धक्काबुक्की व्हायची ती होतेच. बेल्जियमच्या एव्हर्ट्स घराण्यात वडील हॅरी चार वेळा विश्वविजेते, मुलगा स्टेफान दहा वेळा, आणि आता नातू लियामही विश्वमालिकेत धावतो आहे. तिथे विद्या वरून खाली वाहते. माझ्याकडे ती उलटी चढते आहे, धुऱ्यावरच्या त्या मुलाकडून माझ्याकडे, आणि पाणी चढवायला पंप लागतो तसा तिला थोडा अधिक जोर लागतो.

या खेळात निळा झेंडा असतो. मागून येणारा स्वार एक पूर्ण फेरीने पुढे आहे, त्याला वाट द्या, असा त्याचा अर्थ. मला तो दिसणार हे निश्चित आहे. तो दिसला की काय करायचे याचाही मी सराव करतो. दचकून मार्ग बदलायचा नाही, थांबायचे नाही, आपली रेघ सोडायची नाही. जाणारा जाईल, त्याला आपण कुठे आहोत हे नीट दिसले म्हणजे झाले. आपण वाट देतो म्हणजे बाजूला होतो असे आजवर मी समजत होतो. इथे आपल्याच गतीने, आपल्याच रेघेवर चालत राहणे हेच वाट देणे असते, आणि तो गेल्यावरही आपली शर्यत चालूच राहते, त्याच्या धुळीत थोडा वेळ आणि मग पुन्हा मोकळ्यावर.

आता उरला आहे परवान्याचा अर्ज. देशातल्या मोटारक्रीडेचा महासंघ स्पर्धकाला परवाना देतो आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला मागतो. आमच्या ओळखीचे डॉक्टर बाकीचे रुग्ण आटोपून निवांत बसले होते. त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला, पेनाचे टोपण काढले आणि म्हणाले, ‘हं, मुलाचं पूर्ण नाव सांगा.’

मी माझे सांगितले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले; तो दशरथाच्या कानाशी आलेला केस बहुधा त्यांनाही दिसला असावा. मग काही न बोलता त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, आकडा पाहिला, पुन्हा एकदा दाबला. ‘थोडं वरच आहे. मीठ कमी करा, लोणचं बंद. महिन्याभराने या, मग सही करतो.’ मी विचारले की तोवर सराव चालेल का. त्यांनी फॉर्म टेबलाच्या खणात ठेवला आणि विचारले, ‘उडी किती फुटांची असते?’